गणपतीच्या डेकोरेशनची वायर

टिटवाळ्याला बापाच्या जमिनीच्या कोपऱ्यात कल्पिताची नर्सरी होती. बाहेर रोपं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तिने स्वतः जोडलेल्या जांभळ्या एलईडींखाली स्ट्रॉबेरी. बाप गेला आणि धाकटा भाऊ दिपेश गोड गोड बोलत आला. "ताई, हक्कसोडवर सही कर. सगळ्याच बहिणी करतात. तुझ्या नर्सरीला कोण हात लावतंय?" माहेर तुटू नये म्हणून आपल्याकडे बहिणी करतात, तशी तिनेही केली. आठवडा नाही उलटला, तर रोपांवरून जेसीबी फिरला! दिपेश आईला घेऊन माजिवड्याच्या टॉवरमध्ये राहायला गेला. मेल्याने साधा फोनही केला नाही. ह्याला रडवलं नाही तर नावाची कल्पिता नाही, असं ती चिखलात उभी राहून बोलली होती.

आणि बघा, संधी आपल्या पायांनी चालत आली. दिपेशला घरातच स्ट्रॉबेरी पिकवायची हौस सुटली. ऑनलाइन एलईडीच्या मोठ्या पट्ट्या मागवल्या आणि फोन कुणाला? तिलाच!

"ताई, वायर कुठली घेऊ? माळ्यावर गणपतीच्या डेकोरेशनची पडलीय भरपूर. बारा व्होल्ट तर आहे, शॉकपण बसत नाही."

ती बारीक वायर आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर नसते? आणि शॉक बसत नाही म्हणजे भीती नाही, असं सगळ्यांनाच वाटतं. कल्पिता शेडमध्ये हात भाजून शिकलेली. व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच उजेडाला करंट जास्त. त्याच्या सगळ्या पट्ट्या एकदम पेटल्या की तीस अँपिअर कुठे गेले नाहीत. त्याला तांब्याची जाड वायर पाहिजे, सहा एमएमची, आणि पॉवर सप्लायपाशीच फ्यूज. नाहीतर वायर तापते, वितळते आणि शेजारचा पडदा पेटतो. हे सगळं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"चालेल," ती म्हणाली.

"फ्यूज-बिज लागेल का?"

"कशाला उगाच?"

फोन ठेवला आणि तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जळू दे त्याचा तो हॉल, सोफा, फॉल्स सीलिंग. बनियनवर खाली कंपाउंडमध्ये उभा राहून रडू दे. कुणाच्या जिवावर बेतावं असं आपल्या मनात नाही, हेही ती स्वतःला सांगत होती, पण फार जोर लावून नाही. दोन दिवस फोन वाजला की ती उडी मारून उचलायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा आला.

"बाय, दिपेशने ते लाइट माझ्या खोलीत लावलेत. सुनेला हॉलमध्ये जांभळा उजेड नको. सध्या दोनच पट्ट्या आहेत, बाकीच्या संध्याकाळी लावतो बोलला. पण वायर काय छान गरम होते गं! गोधडीत घेऊन गुडघे शेकत बसलेय."

कल्पिता ओरडलीच. "आई, बटण बंद कर! आत्ताच्या आत्ता! आग लागेल!"

"काहीतरीच तुझं. तूच सांगितलंस ना त्याला चालेल म्हणून?"

"खोटं सांगितलं मी! माझी रोपं चिरडली त्याने. त्याचं घर जळावं म्हणून सांगितलं. ऊठ ना गं, बंद कर आधी!"

मग आई बोलली, अगदी सावकाश.

"जेसीबी त्याने नाही बोलावला. तो नको नको करत होता. नर्सरी राहिली तर उद्या जावई हक्क सांगत येईल, म्हणून मीच साफ करायला लावली. सहीचंही मीच त्याच्या डोक्यात घातलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटते त्याला, म्हणून फोन करत नव्हता."



"आता सांग, बाय," आई म्हणाली. "बटण बंद करू, का राहू दे?"

"कर," कल्पिता म्हणाली. पण त्याआधी ती क्षणभर थांबली होती, आणि ते थांबणं आईने ऐकलं.