शेवटच्या पानावरची यादी

मी एक पुस्तक बोलतोय. मला उघडायची सोयच उरली नाही, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझ्यात एक माणूस टेकडीवर झोपडी बांधतो, आपली भाकरी आपण भाजतो आणि गरजा कमी करा म्हणून सांगतो. कित्येक पिढ्या मला वाचून लोक उसासे टाकतायत. उसासे टाकायला काय जातंय?

माझे मालक पाणीखात्यात नकाशे काढायचे. संध्याकाळी मला बायकोला वाचून दाखवायचे. ती इस्त्री करत ऐकायची. एकदा इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, मग जाऊया ना! तुमच्या काकांचं टेकडीवरचं घर रिकामंच आहे."

"अगं, रिटायर तर होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने यादी केली. दोन पातेली, दोन ताटं, कंदील, सुई-दोरा, खुरपं. मग दोनाचं एक ताट केलं आणि बाजूला लिहिलं, 'एकातच जेवू.' उभ्या आयुष्यात माझं खरं मानणारी ती एकटीच भेटली.

मालकांनी यादी पाहिली, हसले आणि खाली पेनाने लिहिलं: आरामखुर्ची, पंखा, फ्रिज. रिटायर झाल्यावर आधी मनाजोगती खुर्ची मिळेना, मग छप्पर गळकं निघालं, मग गुडघे दुखायला लागले. तिचे नव्हे, यांचे. ती दरवर्षी विचारायची. पुढे विचारेनाशी झाली, आणि एका हिवाळ्यात तापाने गेली. यांनी मला कपाटात कोंबलं, जसा काही दोष माझाच.

पुढे मालकांच्या मुलाने काकांचं ते घर पाडून तिथे पाहुण्यांसाठी 'साधी झोपडी' बांधली, एसीसकट. शोभेला पुस्तकं हवी होती. कोणी उचलून नेऊ नये म्हणून त्याने सुताराला मला फळीला आणि माझी पानं एकमेकांना चिकटवायला सांगितलं.

सुतार म्हणाला, "साहेब, वाचता नाही यायचं मग."

"वाचायला कोण येतंय इथे? दिसलं की झालं."

अशा रीतीने टेकडीवर मी पोचलो, ती नाही. पाहुणे माझ्याशेजारी फोटो काढतात, उसासे टाकतात आणि एसी वाढवतात.

परवा मालक आले, काठी टेकत. शेवटचं पान नखाने सोडवू लागले. "तुझ्या आईची यादी आहे रे यात."

"बाबा, फाटेल ते!"

त्यांनी हात मागे घेतला. नेहमीसारखाच.

अहो, फाडा मला! जन्मभर जपलंत, तिथेच तर चुकलं. फाडा आणि बघा, एकच ताट मागितलं होतं तिने.