वाकड्या पट्ट्याचा मान

सांगलीत लघुरूळ रसिक मंडळ नावाचं एक प्रकरण आहे. तीसएक सभासद, सगळे खाऊनपिऊन सुखी, आणि सुखातल्या माणसाला भांडायला काहीतरी लागतं म्हणून त्यांनी एक रंग धरून ठेवलेला. पूर्वी आपल्या भागातून जी छोटी लाइन जायची, तिची इंजिनं हे लोक वीतभर आकारात बनवतात. चाकं, पायऱ्या, भोंगा, अंगावरचा नंबर, सगळं जिथल्या तिथं. गाडी चालू होती तेव्हा यांच्यातला एकजण तिच्यात पाय ठेवत नव्हता, कारण एसटी तिच्या आधी पोचायची. रूळ उखडून भंगारात गेले आणि मग सगळ्यांना तिचा पुळका आला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

भांडण असं, की इंजिनाचा रंग विटकरी होता की डाळिंबी. सांगलीकर विटकरीवाले, सातारची शाखा डाळिंबीवाली. गेल्या दिवाळीत शब्दाला शब्द लागला आणि सातारकर आपापली इंजिनं बुटांच्या खोक्यांत भरून निघून गेले. तेव्हापासून एकमेकांच्या घरच्या बारशालासुद्धा जाणं-येणं बंद आहे.

राजाराम कांबळेनं हे ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. चौतीस वर्षं त्यानं रेल्वेच्या शेडमध्ये हीच खरी इंजिनं रंगवली होती. रंग कुठला, तर स्टोअरमधून डबा येईल तो. डबा कमी पडला की मालडब्यांचा उरलेला रंग त्यात ओतायचा, वर टर्पेंटाइन घालून काठीनं ढवळायचं आणि साहेब चहाला गेला की मारून मोकळं व्हायचं. एका इंजिनाच्या दोन बाजू एका रंगाच्या निघाल्या तर नशीब समजायचं. आणि हे शहाणे भिंग लावून छटा मोजत बसले होते.

मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील मोहिते. वीस एकर ऊस, तो वाटेकरी बघतात आणि याला दिवसभर उद्योग नाही. तो मोटार घेऊन राजारामच्या घरी आला, अर्धा कप चहा प्यायला, अर्धा ठेवला आणि म्हणाला की रविवारी प्रदर्शन आहे, सातारकरही येणार आहेत, रंगाचा निकाल शेडच्या खऱ्या पेंटरनं द्यावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. जाताना त्यानं चंद्राबाईला हात जोडले आणि वहिनींनीही यायलाच पाहिजे म्हणाला. चंद्राबाई ही राजारामची बायको. शेडचं नाव काढलं की उठून आत जाणारी. पण मोटारीतून दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून ती बरं म्हणाली.

रविवारी सकाळी दोघं मंगल कार्यालयाच्या हॉलवर पोचली. टेबलांवर हिरवं कापड अंथरून त्यावर इंजिनं मांडली होती आणि सभासद पांढरे हातमोजे घालून त्यांच्याभोवती फिरत होते, जणू कुणाचं ऑपरेशन आहे. राजारामनं चौतीस वर्षांत हातमोजा पाहिला नव्हता. त्याच्या नखांत अजून रंग होता आणि तो मेल्यावरच जाणार होता. त्याला हात धरून पुढं नेलं ते ऋषिराजनं. हा मंडळातला सगळ्यात तरुण. कुपवाडला प्लास्टिकच्या साच्यांचं वर्कशॉप, इंजिनांची अंगं तिथंच मशीनवर निघायची. काका, काका म्हणत तो फार लाडात आला. राजारामला त्याचं तोंड बघूनच कळलं होतं की हा कुणाचा. शेडमधल्या नाथाजी मिस्त्रीचा नातू. तेच नाक आणि दुसऱ्याच्या पुढं पुढं करायची तीच सवय.

मधल्या टेबलावर काचेखाली एकच इंजिन होतं आणि तिथं देवळासारखी रांग. धैर्यशीलनं राजारामच्या हातात भिंग दिलं आणि बघा म्हणाला. इंजिनाच्या अंगावरून पिवळा पट्टा गेला होता. तीन हिश्शांतले दोन हिस्से तो सरळ होता आणि शेवटच्या हिश्श्यात, ड्रायव्हरच्या दारापाशी, तांदळाच्या दाण्याएवढा खाली उतरला होता. एका जुन्या फोटोवरून हे तंतोतंत उतरवलं होतं. फोटो चौऱ्याऐंशी सालचा. धैर्यशीलनं या उतारावर नऊ पानांचा निबंध लिहिला होता. उतरता पट्टा हे वेगाचं प्रतीक आहे, असं त्याचं म्हणणं. वेग कुणाचा, तर जिच्यातून उतरून माणसं लघवी करून परत चढायची त्या गाडीचा. असा पट्टा देशात दुसऱ्या कुठल्याही इंजिनावर नाही, ओढणारा मोठा कलावंत असला पाहिजे, दुर्दैव एवढंच की त्याचं नाव कळत नाही. खाली कार्डावर छापलं होतं, पट्टा: अज्ञात कलावंत.

इथं मात्र राजारामचं हसू गेलं.

हा पट्टा त्याला पाठ होता. तेव्हा पट्टा मारायचा तर दोन माणसं लागायची. निळीत भिजवलेली दोरी एकानं या टोकाला धरायची, दुसऱ्यानं त्या टोकाला, ताणायची, मधे टिचकी मारायची की पत्र्यावर रेघ उठते. मग त्या रेघेवरून रंग. इंजिन लांब, म्हणून दोरी तीनदा मारायची. त्या दिवशी मंत्र्याच्या हस्ते गाडीला झेंडा दाखवायचा होता, घाई होती. या टोकाला राजाराम आणि त्या टोकाला नाथाजी. तिसऱ्या दोरीला नाथाजी बिडी पेटवायला वाकला आणि दोरी चार बोटं खाली आली. राजारामनं टिचकी मारली, रेघ उठली आणि त्यानं शिडीवर उभा राहून त्या रेघेवर पट्टा ओढला. नाकाशी धरलेली रेघ वाकडी आहे हे कुणाला दिसतं? साहेबाला ते प्लॅटफॉर्मवरून दिसलं, तेव्हा मंत्री येऊन बसले होते. साहेबानं राजारामला जवळ बोलावलं, नाक पुढं करून वास घेतला आणि मेमो लिहिला. दारू पिऊन कामावर आला. पेंटरच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो एवढंसुद्धा ज्याला कळत नाही, तो शेडचा साहेब होता. नाथाजी शेजारी उभा होता. तो एक अक्षर बोलला नाही. पुढच्या महिन्यात मिस्त्रीची जागा भरली, ती राजारामला डावलून नाथाजीला मिळाली.

मिस्त्रीगिरी गेली त्याचं राजारामला एवढं काही नव्हतं. वाईट वेगळंच झालं होतं. मुलाच्या, प्रबुद्धच्या वेळी चंद्राबाई माहेरी बाळंतपणाला गेली, तेव्हा तिच्या आईनं निरोप धाडला की जावई दारू सोडत नाही तोवर लेक आणि नातू पाठवणार नाही. राजाराम तेव्हा प्यायचा, खोटं कशाला बोला. तो गेला, सासूच्या समोर बुद्धमूर्तीपुढं बसला, पंचशील म्हटलं आणि दारू न पिण्याचं पाचवं शील दोनदा म्हटलं. त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नाही. बायको-पोर घरी आलं. आणि तिसऱ्या आठवड्यात हा मेमो आला. चंद्राबाईनं सरकारी कागद खरा मानला. सरकार कशाला खोटं लिहील, असं ती म्हणाली होती. चाळीस वर्षांत तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मनातूनही कधी टाकला नाही. राजारामला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी आपण प्यायलो नव्हतो हे तिला कुणीतरी सांगावं. त्यानं स्वतः सांगून उपयोग नव्हता. प्यायलेला माणूस तेच सांगतो.

प्रदर्शनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि सातारचा पुढारी शंभूराज उठला. रंगाचं नंतर बघू म्हणाला, आधी तुमचं कार्ड चूक आहे. सांगलीकरांना खाली बघायला लावायची संधी तो वर्षभर शोधत होता आणि ती त्याला साताऱ्यात एका रद्दीवाल्याकडं मिळाली होती. त्यानं पिशवीतून एक पिवळा कागद काढला आणि माईकवर वाचला. पेंटर राजाराम कांबळे याने मद्यधुंद अवस्थेत इंजिनाच्या डाव्या बाजूचा पट्टा वाकडा ओढला, सबब ताकीद.

हॉल खदखदून हसला, पण आनंदानं. कुणीतरी म्हणालं की खरा कलावंत असाच असतो, शुद्धीवर असता तर असा उतार आला असता का. धैर्यशीलचे डोळे पाणावले. अज्ञात कलावंत आपल्या पुढ्यात बसलाय आणि आपण त्याला रंग विचारायला बोलावलं, असं म्हणत त्यानं शाल आणि नारळ मागवला. कार्डावर नाव घालू म्हणाला, पितळी पाटी करू म्हणाला. पहिल्या रांगेत चंद्राबाईनं पदर तोंडावर घेतला होता आणि ती मांडीकडं बघत होती. जे तिनं चाळीस वर्षं चारचौघांत जाऊ दिलं नव्हतं, ते दोनशे माणसांनी टाळ्या वाजवून ऐकलं.

राजाराम उठला. शाल घ्यावी तर बायकोपुढं मेमो खरा ठरत होता. मेमो खोटा म्हणावं, तर त्याचं ऐकणार कोण? त्यानं हॉलभर नजर फिरवली. ऋषिराज शालीकडं बघत होता. जत्रेत दुसऱ्याच्या पोराच्या हातात पिपाणी दिसल्यावर पोर बघतं तसा. राजारामनं ते ओळखलं आणि माईक हातात घेतला.

"ह्यो पट्टा माझा न्हाई," तो म्हणाला. "एवढं भारी काम माझ्या हातनं कवाच झालं न्हाई. आमी आपलं सरळ मारणारी माणसं. असला उतार द्यायचा तर अंगात कला लागती. ज्याच्यात ती कला हुती त्यो दोरीच्या दुसऱ्या टोकाला हुता. लय मोठा माणूस. त्याला तुमच्यासारकी पारख करणारी माणसं भेटली असती तर आज त्याचा पुतळा असता. पर त्यो आता न्हाई, आन कागदावर नाव माझं हाय, तवा आणा ती शाल."

एवढं पुरे झालं. ऋषिराज खुर्ची मागं ढकलून उठला. ते माझे आजोबा, नाथाजी मिस्त्री, असं तो म्हणाला आणि मंचावरच आला. शंभूराज सोडतोय थोडाच. कागदावर कांबळे लिहिलंय, तुमच्याकडं पुरावा काय, असं त्यानं विचारलं. मग ऋषिराजनं माईक ओढून घेतला.

"आजोबांनी घरी शंभर वेळा सांगितलंय," तो म्हणाला. "दोरीचं टोक त्यांच्याच हातात होतं. बिडी पेटवायला वाकले आणि दोरी खाली आली, म्हणून तो उतार. कांबळेकाका त्या दिवशी प्यालेच नव्हते. साहेबाला टर्पेंटाइनचा वास आला आणि त्यानं दारू समजून लिहिलं. आजोबा मुद्दाम गप्प बसले, मिस्त्रीची जागा निघणार होती ना. आमच्या घरात सगळे हसायचे यावर. पाहिजे तर आजीला फोन लावतो."

चाळीस वर्षं त्या घरानं जे गिळून ठेवलं होतं ते पोरानं एका शालीसाठी ओकलं, वर साक्षीला आजी देऊ केली. लाज नावाची वस्तू हॉलमध्ये कुणाकडंच नव्हती. धैर्यशीलनं आनंदानं शाल ऋषिराजच्या खांद्यावर घातली, टाळ्या झाल्या, बिडीचा उल्लेख निबंधात घ्यायला हवा असं ठरलं. नऊ पानांची दहा होणार होती. कुणीतरी घाईघाईनं विचारलं की काका, रंगाचं राहिलं. राजाराम म्हणाला की एका बाजूला विटकरी आणि दुसऱ्या बाजूला डाळिंबी. ते अगदी खरं होतं, पण दोन्ही बाजूंना आपणच जिंकल्यासारखं वाटलं आणि ते पुन्हा एकमेकांच्या अंगावर गेले.

राजाराम मंचावरून उतरला तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. चंद्राबाई बाहेर पायरीवर बसलेली होती. या वेळेसाठी त्यानं चाळीस वर्षं वाक्यं जुळवून ठेवली होती. सरकारच्या कागदाबद्दल एक, तिच्या आईबद्दल एक, चांगली झोंबतील अशी. तो शेजारी बसला आणि ती बोलायची वाट बघू लागला.

"तवा तुमी सांगिटलं हुतं मला," ती म्हणाली. "टरपेंटाइन हाय म्हणून."

"व्हय."

"मी आईला सांगिटलं, शील मोडलं म्हणून. तुमी दारात आला की ती पोराला उचलून आत न्यायची. पुढं पोर मोटं झालं, तर सोताच उठून आत जायची. इस वर्सं. ती जायच्या येळंला तुमी आंगणात हुबा व्हता. आई इचारत हुती, जावई आल्यात का. मी न्हाई म्हनले. म्हनलं, प्यालेला असंल, कशाला शेवटाला तिच्या म्होरं."

हे राजारामला माहीत नव्हतं. सासूला आपलं तोंड बघायचं नव्हतं अशीच त्याची समजूत होती, आणि वीस वर्षं तो त्या म्हातारीला मनात शिव्या देत आला होता.

"आता तिला कोन सांगणार?" चंद्राबाई म्हणाली.

आतून टाळ्यांचा आवाज येत होता. राजारामनं दिवसभरात सगळ्यांना हसून घेतलं होतं, पण आता त्याला कुणाचं काहीच वाटेना, आणि आनंद तर मुळीच झाला नाही. जुळवलेली वाक्यं तोंडात आली होती ती त्यानं तशीच गिळली. समोर रस्त्यावर रिक्षा येऊन थांबली.

"चल," तो म्हणाला, "रिक्षा थांबलीया."

ती उठली नाही. मग तोही बसून राहिला.