फुलसावंगीपर्यंत

“पयले घर खाली करा,” डोमाजी ट्रकखालून म्हणाला.

“घर?” इंद्रजीत वाकून बघत होता.

“घरच न जी हे. मालाचा ट्रक माल उतरला का मोकळा होते. तुमचं घर कधी उतरतच नाही. पाटे रातंदिवस दबून राह्यले, तुटन नाही त काय होईन?”

डाव्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचा, मोठा पाटा मधोमध मोडला होता. महागावबाहेर, फुलसावंगीच्या रस्त्याला डोमाजीचं कमान दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. बत्तीस वर्षांत हजारो ट्रक त्याच्या हाताखालून गेले होते, पण असा एकही नव्हता. हौद्याच्या जागी पत्र्याची खोली, खिडक्यांना फुलांचे पडदे, टपावर सोलरची पाटी. इंद्रजीत अमरावतीला बँकेत होता. निवृत्त झाल्यावर त्यानं आणि उज्ज्वलानं फ्लॅट विकला, आणि गेली तीन वर्षं दोघं या ट्रकमध्येच राहत होते.

सामान कडुनिंबाखाली उतरू लागलं. डोमाजीची बायको प्रभावती न सांगताच मदतीला आली. ट्रकखाली पडलेल्या डोमाजीला फक्त पाय दिसत होते. उज्ज्वलाचे बुटातले, आणि त्यांच्यामागे लगबगीनं जाणारे प्रभावतीचे, टाचांना भेगा पडलेले. गाद्या उतरल्या, गॅस उतरला, शिंपल्यांची बरणी उतरली.

“ताई, समुद्र कसा असते वो?” प्रभावतीनं विचारलं.

“आवाज फार. पहिल्या रात्री झोपच येत नाही. मग आवाजाशिवाय येत नाही.”

“आमचे हे नांदेडच्या पुढं गेले नाहीत. तेबी पाटे आणाले गेलते.”

दोघी हसल्या. डोमाजीनं घण जरा जोरानंच हाणला.

थोड्या वेळानं चहाचा वास आला. चहा इंद्रजीतनं केला होता. “साखर बरोबर आहे ना, ताई?” त्यानं विचारलं, तशी प्रभावती पदर तोंडाला लावून हसली. तिचं असं हसणं डोमाजीनं लेकीच्या, दीपाच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं. साखरेचं त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. चहा तीच करायची, विचारायचं काय?

त्याच्यासाठी कप खाली सरकवला गेला. तो तसाच निवला.

“मिस्त्री, तुमच्या हाताला काय कसब आहे हो!” इंद्रजीत म्हणाला.

“हो,” डोमाजी म्हणाला. या माणसाचं कौतुकही त्याला नको होतं. संध्याकाळच्या आत हे घर इथून हललं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तीनला पाटा बसला. तो धरून ठेवणारे यू-बोल्ट कसून झाले. सामान परत चढलं.

“झालं काम. निघा आता,” तो म्हणाला.

“आन दुसऱ्यांदा कसाचं?” प्रभावतीनं विचारलं.

डोमाजीनं तिच्याकडे पाहिलं. नवा पाटा ओझ्याखाली बसतो, बोल्ट ढिले पडतात. म्हणून भरलेली गाडी फुलसावंगीपर्यंत नेऊन आणायची आणि परत कसायची, हा त्याचा नेम होता. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, पण थांबायचे. तसं केल्याशिवाय त्यानं एकही गाडी सोडली नव्हती. आपल्याला काम करताना ही पाहते, हे त्याला आजच कळत होतं.

“इसरलो,” तो म्हणाला. “फुलसावंगीपर्यंत जाऊन या. हळू चालवा.”

“प्रभाताई, चला आमच्यासोबत!” उज्ज्वला म्हणाली.

प्रभावतीनं हात लुगड्याला पुसले.

“तुम्हीपण चला ना, मिस्त्री,” इंद्रजीत म्हणाला.

“दुकान कोण पाहीन?”

दुकानात कोणी नव्हतं. प्रभावतीनं एकदा दुकानाकडे पाहिलं आणि शिडी चढून गेली.

ट्रक गेला. कापसाच्या दोन गाड्या गेल्या. हॉर्न वाजला की डोमाजी उठायचा. तिकडे फुलसावंगीला गाडी थांबवून खिडकीपाशी आता दुसरा चहा चालला असेल, बरणीतले शिंपले तिच्या हातावर ठेवले असतील. तो इंद्रजीत समुद्राच्या गोष्टी सांगत असेल. सांगू दे. मग त्याला डाव्या चाकावरच्या बोल्टांची आठवण आली. दुपारी पाना मारताना आपलं ध्यान त्या हसण्याकडे होतं. त्यानंतर मात्र त्याला चाकाशिवाय काही सुचेना. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

दीड तासानं ट्रक दिसला. सरळ चालत होता.

प्रभावती पाठमोरी, रोजची सवय असल्यासारखी शिडी उतरली. डोमाजी पाना घेऊन खाली शिरला. पहिला नट कसताना जवळजवळ पूर्ण फेरा फिरला. दुसराही. बाजूला ती उकिडवी बसली होती.

“किती फिरले?”

“थोडेसे.”

“मी पाह्यलं,” ती म्हणाली.

पुसदच्या दिशेनं ट्रक निघाला तेव्हा उज्ज्वला मागच्या खिडकीतून हात हलवत राहिली. प्रभावतीनंही तो वळेपर्यंत हलवला.

“कसं वाटलं?” डोमाजीनं पान्याकडे पाहत विचारलं.

“चांगलं वाटलं. त्याच खिडकीत बसलती मी. तुमी दिसून राह्यलते. लहान लहान होत गेले, मंग रस्त्याचा मोड आला.”

तिनं खराटा घेतला. डोमाजीनं मोडक्या पाट्याचे दोन्ही तुकडे उचलून लोहारासाठी ठेवलेल्या ढिगावर टाकले. मागं वळून पाहिलं, तर अंगण लख्ख झालं होतं. फक्त कडुनिंबाखाली, जिथं गाद्या ठेवल्या होत्या, तिथं धुळीत चौकोन उमटला होता. तेवढी जागा तिनं झाडली नव्हती.