एक्केचाळीसाव्या मिनिटाचा हशा

"तुम्ही चोर आहात. लिहा, ताई."

पॉलिशवाल्या ताईंचा अंगठा मोबाइलवर अधांतरी राहिला. "पहिलंच वाक्य हे? जरा दोन शब्द गोड तरी बोला."

"चोराशी काय गोड बोलायचं? लिहा. तुम्ही चोर आहात. माझ्या घरातलं मरण तुम्ही उचलून नेलंत आणि जगाला दाखवलंत. तुमच्या ऑफिसात शंभर माणसं बसत असतील, त्यातल्या एकालाही वाटलं नाही, की ही गोष्ट कुणाची आहे ते विचारावं. ज्याची आहे तो मेलेला नाही. रोज सकाळी नऊला कामावर येतो."

मामाचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत प्लास्टरने माखले होते, म्हणून कंपनीकडे पाठवायची तक्रार टाइप करायचं काम ताईंकडे. कालवलेलं प्लास्टर घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतावं लागतं. माणसाला राग आलाय म्हणून ते थांबत नाही.

"कारण निवडा म्हणतंय," ताई म्हणाल्या. "अश्लील, हिंसक, चुकीची माहिती, इतर."

"चुकीची कुठे आहे? शब्द न् शब्द खरा आहे. तोच तर त्रास आहे."

"मग इतर."

"टाका इतर. आयुष्यभर आपण इतरमध्येच होतो, आता काय नवीन."

मामा कवळ्या बनवायचा. एकतीस वर्षं. दवाखान्यात खुर्चीवर बसून माणूस तोंड उघडतो, डॉक्टर माप घेतो, पंधरा दिवसांनी दात बसवतो आणि आरशात बघून माणूस डॉक्टरचे आभार मानतो. ते दात मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत कुणीतरी एकेक करून मेणात रोवले, हे त्याला कुणी सांगत नाही. डॉक्टरही सांगत नाही. गल्लीत सगळे त्याला मामा म्हणायचे, कारण त्याची भाची त्याला तशी हाक मारायची आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

या कामात हात आणि डोळे अडकलेले असतात, कान मोकळे. मामाने ते कान विनोदाला दिले होते. गाणी लावत नसे. गाण्याने हात डोलतो आणि दात तिरका बसतो. एकटा माणूस माइकसमोर उभा राहून लोकांना हसवतो, असे कार्यक्रम आधी कॅसेटवर आणि मग मोबाइलवर त्याने इतके ऐकले, की त्याची मतं कवळीसारखी घट्ट बसली होती. आणि ती तो कुणालाही, न विचारता, द्यायचा.

"हा बघा, स्वतःच आधी हसला," तो ताईंना सांगायचा. "पाहुण्यांच्या आधी जेवायला बसणारा यजमान." किंवा, "हिने आईला शिव्या देऊन हशा घेतला. तिच्या आईला माइक कोण देणार?" पण त्याचा खरा हातखंडा वेगळाच होता. रेकॉर्डिंगमधला हशा खरा की मागून चिकटवलेला, हे तो डोळे मिटून सांगायचा. खरा हशा कुठेतरी मागच्या कोपऱ्यात एका माणसापासून सुरू होतो, वेडावाकडा पसरतो, आणि एखाद्या बाईला थांबवता येत नाही म्हणून शेवटी तिच्या एकटीवर संपतो. चिकटवलेल्या हशातले सगळे दात एका मापाचे. मामा स्वतः प्रत्येक कवळीत एक दात केसभर वाकडा ठेवायचा, उगाच नाही.

भाची त्याच्याकडे नऊ वर्षांची असताना आली. बहीण आणि मेहुणा वेगळे झाले, दोघांनाही नवीन संसार मांडायचे होते, आणि पोरगी त्यात बसेना. मामीने तिला ठेवून घेतलं. शाळेतून आली की ती या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांना बोलायला लावायची. डॉक्टर, गिऱ्हाईक, शेजारी, सगळ्यांची नक्कल. मामी दारात उभी राहून हसायची, तोंडावर हात ठेवून. मामीचे दात लवकर गेले होते. कवळी नवऱ्यानेच बनवलेली, गल्लीतली सर्वांत चांगली. तरी हात सुटला नाही.

मोठी झाल्यावर भाचीने या नकलांचाच धंदा केला, माइकसमोर उभं राहून लोकांना हसवायचा. तिचा पहिला श्रोता मामा. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बाहेर जायच्या आधी त्याच्याकडे यायचंच, आणि खाली लिहिलेलं असायचं, "मत सांग. गोड बोलू नकोस." तोही बोलत नसे.

मामी चार वर्षांपूर्वी गेली. त्या दिवसाची एक गोष्ट मामाने कुणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी एका दुपारी भाचीला सांगितली. ती ओट्याशी उभी राहून चहा करत होती, पाठमोरी, आणि पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं जातं.

आजारात मामीच्या हिरड्या उतरल्या, म्हणून त्याने तिच्यासाठी नवी कवळी बनवायला घेतली होती. ती तयार झाली आणि मामी घालायची राहून गेली. हॉस्पिटलमधून सांगितलं, कपडे घेऊन या. मामा कपड्यांआधी इथे धावला. फळीवर पाण्याच्या दोन वाट्या होत्या. त्याने एक उचलली आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात दात बसवले. जरा मोठे वाटले. त्याला वाटलं, मरणाने चेहरा असा होत असेल. भेटायला आलेले म्हणाले, किती हसरी दिसते, कधी अशी हसली नव्हती. सगळं उरकून दुसऱ्या दिवशी तो खोलीत आला, तर मामीची वाटी फळीवर तशीच. गेली ती कवळी एका मुख्याध्यापिकेची होती. बाईंचं हसू मोठं, शाळेच्या फोटोतलं. त्यांना त्याने सांगितलं, भट्टीत साचा फुटला, आठ दिवस द्या.

"तीस वर्षांत एकदा वाटी चुकली," तो म्हणाला होता, "आणि ती तिची."

भाचीने गॅस बंद केला. वळून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यापाशी राहील मामा."

राहिली. वर्षभर मामाला तसंच वाटलं.

गेल्या महिन्यात भाचीचं नवं रेकॉर्डिंग आलं. यावेळी मोठी कंपनी, घराघरात दिसणारी. मामाने कवळी घासता घासता ते ऐकलं आणि तिला लगेच फोन केला.

"चांगलं आहे. भाडेकरूचं लांबलंय, दोन वाक्यं काढ. आणि एक्केचाळीसाव्या मिनिटाला काहीतरी कापलंय."

"कशावरून?"

"हशा एकदम खाली बसतो. लोक आधी कशाला तरी जोरात हसलेत, त्याचा शेवट राहिलाय फक्त. हसू आहे आणि विनोद नाही. काय होतं तिथे?"

"काही नाही रे. तांत्रिक. आवाज फुटला होता."

"मग कापणाऱ्याला सांग, नीट काप म्हणावं. गिऱ्हाइकाला कळतं."

त्याला सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं. तुकडा कापलाय हे त्याने ओळखलं. तो फक्त त्याच्याच प्रतीतून कापलाय, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. माणूस घरच्यांवर कान लावून बसत नाही.

कार्यक्रम लोकांसमोर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला माणूस तयार दात न्यायला आला. डबा उघडून बघितला आणि हसला. "मामा, हे आमचेच ना? नाहीतर आमचा पेशंट कुणाच्या तरी तोंडाने घरी जायचा."

"काय?"

"ऐकलं नाहीत? तुमच्या भाचीने धमाल केली आहे तुमची."

ताईंनी मोबाइलवर लावून दिलं. चाळीस मिनिटं पुढे सरकवलं. भाची मामाच्या आवाजात बोलत होती. वाक्याच्या शेवटी तो नाक ओढतो, तेसुद्धा होतं. दोन वाट्या होत्या. धावणं होतं. "जरा मोठे वाटले" होतं. आणि शेवटी, "मामी जन्मभर कुणाला मोठ्याने बोलली नाही. पण जाताना, सांगते तुम्हाला, अख्ख्या घराची हजेरी घेऊन गेली."

हशा मागच्या कोपऱ्यातून सुरू झाला, वेडावाकडा पसरला आणि एका बाईवर संपला. शंभर नंबरी खरा. तो शेवट मामाने ओळखला. महिनाभरापूर्वी ऐकला होता.

ताईंनी मोबाइल उलटा ठेवला. दवाखान्यातला माणूस डबा घेऊन गेला. मामा बराच वेळ एकच दात घासत बसला, इतका, की तो वाया गेला.

संध्याकाळी मुख्याध्यापिका आल्या. निवृत्त, काठी टेकत, दोन पायऱ्या चढून. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"नातवाने दाखवलं मला ते," त्या म्हणाल्या. "तो हसत होता. मी तारीख मोजत होते. साचा फुटला म्हणाला होतात."

"हो मॅडम."

"खोटं बोललात."

"हो."

"मला येऊन विचारलं असतंत, तर मी दिले असते ते. आनंदाने दिले असते. आता मला ते पळवून नेल्यासारखं वाटतंय." त्या ताईंकडे वळल्या. "बायको कशी होती यांची?"

"गरीब हो. हळू बोलायची."

"मग माझं तोंड जडच झालं असेल बिचारीला," असं म्हणून मॅडम काठी टेकत उतरल्या. मामाला वाटलं, यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

त्याने तिथल्या तिथे भाचीला फोन लावला.

"मामा, मी नाव घेतलेलं नाही," ती आधीच म्हणाली.

"नाव नाही घेतलंस. आवाज घेतलास."

"मी कंपनीला सांगितलं होतं तेवढं काढा म्हणून. खरंच. वरून नको म्हणाले. म्हणाले, तेच तर सगळ्यात चांगलं आहे."

"वरून म्हणजे कोण?"

"मला काय माहीत? वरून."

"आणि माझ्या प्रतीतलं कुणी काढलं? तेही वरून?"

ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं होतं ते काढतील, आणि तुला कधी कळणारच नाही."

"रेकॉर्डिंगच्या आधी किती वेळा सांगितलंस?"

"मामा..."

"ते कंपनीने नाही सांगितलं तुला. एवढी गुळगुळीत गोष्ट एका रात्रीत होत नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही तिच्यात. मला पॉलिश कळतं. किती वेळा?"

"साठ," ती म्हणाली. "साठ-पासष्ट."

त्याने फोन ठेवला. साठ सभागृहांत मामी तेच मोठे दात घालून निजली होती, आणि तो इथे बसून भाडेकरूचं लांबलंय म्हणून सांगत होता.

म्हणून सकाळी प्लास्टर कालवता कालवता ती तक्रार. ताईंनी ती पाठवली. चोर हा शब्द तसाच ठेवला. साचा ओतून झाला, मामाने हात धुतले, तोवर उत्तरही आलं.

"काय म्हणतायत?"

"आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे," ताईंनी वाचलं. "आणि हे बघा, पाच चांदण्या दिल्यात. किती आवडलं ते विचारतायत."

"किती आवडलं?"

"असंच लिहिलंय भाऊ."

मामा हसला नाही, चिडलाही नाही. ज्यांना तोंडच नाही त्यांना दात दाखवून काय उपयोग? त्याने मोबाइल मागून घेतला. कार्यक्रम पुन्हा लावला, कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून. ताईंनी पॉलिशचं चाक बंद केलं. एकदा ऐकून झालं की तो मागे घ्यायचा आणि पुन्हा ऐकायचा. ताईंनी मोजलं नाही, पण शेल्फवरचा साचा सोडवायची वेळ झाली आणि त्याचं लक्ष नव्हतं, असं एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

मग त्याने भाचीसाठी आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबलं. तो नेहमीसारखाच बोलला, जसा तिच्या प्रत्येक कार्यक्रमाबद्दल बोलायचा, शब्द मोजूनमापून.

"मत विचारलं होतंस. अर्ध्याच मालावर दिलं होतं, आता पूर्ण देतो. गोष्ट चांगली बांधली आहेस. वाट्यांचं घाईत उरकत नाहीस, ते बरोबर. माझा आवाज जमलाय. हजेरीच्या वाक्यात एक शब्द जास्त नाही. दुसऱ्या कुणाची असती तर मी ताईंना बोलावून ऐकवली असती. तू माझ्या घरात पुन्हा येशील तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही, ते नंतर बघू. एकच जागा आहे. 'मामी तोंडावर हात ठेवून हसायची,' असं म्हणतेस आणि थांबतेस. दोन सेकंद. तिथे कुणी हसत नाही. तुझा श्वास ऐकू येतो फक्त. मी सकाळपासून तेवढंच ऐकतोय. लोकांचं खरं-खोटं मला पहिल्या फटक्यात कळतं, तुझं कळत नाहीये. ते थांबणं बसवलेलं आहे, साठही रात्री तू तिथे तशीच दोन सेकंद थांबलीस, की त्या दिवशी ती तुला खरंच दिसली? मला गोड बोलू नकोस. दोन्हीपैकी काय ते सांग."