सोनपेठचे पाणी, नाशिकचा तांब्या

मित्रांनो, आधी माझे झाकण डावीकडे फिरवा. अजून थोडे. निघाले? आता मला बोलता येईल.

मी एक जुना, पितळी, फिरकीचा तांब्या आहे. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून माझ्या तोंडाला आणि झाकणाला आटे पाडलेले आहेत. प्लास्टिकच्या बाटल्या येण्याआधी माणसे मलाच बरोबर घेऊन गावोगाव जात. मला आडवे करा, उलटे करा, एसटीच्या टपावर टाका, एक थेंब गळणार नाही. ही बढाई नाही. म्हणजे बढाई आहे, पण खरी आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. झाकण उघडे असले की मला दिसते. झाकण बंद असले की नुसते ऐकू येते. त्यामुळे माझी गोष्ट अशीच उघडझाप करत पुढे जाईल.

उघडा

माझा जन्म नाशिकचा. एका तांबटाने ठोक्याठोक्याने मला घडवले, आतून कथलाचा पांढरा थर दिला. त्या थराला कल्हई म्हणतात. ती असली की पाणी गोड राहते, ती उडाली की पाण्याला पितळेची चव लागते. चारठाण्याच्या एका मामांनी मला भाचीच्या लग्नासाठी विकत घेतले आणि माझ्या बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेतले : सौ. उमादेवी अण्णाराव, सोनपेठ. ते नाव अजून आहे. बोट फिरवून बघा.

अण्णारावांचे सोनपेठच्या बाजारपेठेत किराणा दुकान. मी गल्ल्याशेजारी बसायचो. कपिलधारला गेलो, परळीला गेलो, गाणगापूरलाही जाऊन आलो. पण माझा खरा अभिमान दुकानातला होता, कारण अण्णारावांसारखे नाक आणि जीभ त्या पेठेत कोणाची नव्हती. शेंगदाण्याच्या तेलाचा नवा डबा आला की ते थेंबभर तेल तळहातावर चोळायचे, हुंगायचे, जिभेला लावायचे आणि समोरच्या नालीत थुंकायचे. मग माझ्यातल्या पाण्याने चूळ भरायची आणि निकाल द्यायचा. एवढे झाले की डबा आत तरी जायचा, नाही तर परत.

त्यांची मुलगी शिवकन्या सहा वर्षांची असल्यापासून शेजारी बसायची. अण्णाराव तिच्या डोळ्यांवर उपरणे बांधायचे आणि नाकाखाली गुळाचा खडा धरायचे.

"सांग, नवा का जुना?"

"जुना. अन् ह्याला पोत्याचा वास लागलाय, आप्पा."

"शाब्बास. आता चाख. गिळायचं न्हाई बरं का. गिळलं की जीभ खोटं बोलती."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवले आहे.

बंद

मग घरात बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. कोणीतरी झाकण घट्ट लावले होते, ते तसेच राहिले. आट्यांत हिरवा कळंक बसला, आतली कल्हई उडाली. बारा वर्षे मी फक्त ऐकत होतो. शिवकन्या परभणीला बीएस्सीला गेली, हे ऐकले. नंतर नाशिकला गेली, तेव्हा तर मी मनातल्या मनात खणखणलो. माझे माहेर! आणि तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हे ऐकले :

"कंपनी कशाची म्हणलीस?"

"वाइनची, आप्पा. द्राक्षाची वाइन. मी चव बघते. कोणती पुढं न्यायची, कोणती थांबवायची, ते मी सांगते."

"म्हंजे दारू."

"आप्पा, तुमीच तर शिकिवलं..."

"मी गूळ शिकिवला! लिंगायत आपण, गळ्यात लिंग हाय, पोरी. पेठेत लोकाला काय सांगू, माझी लेक दारू पिऊन पगार घेती?"

"पीत न्हाई मी."

"तुझ्या घरचं पाणी बी पिणार न्हाई आजपासून. ऐकलंस का, पंडित? तू साक्षी."

पंडित म्हणजे शेजारचे टेलर. फराळाला आले होते बिचारे. चकली मोडल्याचा आवाज आला, मग ताटली खाली ठेवल्याचा.

बंद, मग उघडा

यंदा जानेवारीत उमादेवींनी स्टुलावर चढून मला खाली काढले. झाकण अजून घट्टच होते; फिरकी सुटेपर्यंतचे जे पाहिल्यासारखे सांगतो, ते नंतर उमादेवींच्या तोंडून ऐकलेले आहे. पदराने धूळ पुसली आणि पाटावर ठेवले. समोर जुन्या कॅलेंडरचे उलटे पान होते, हातात पेन.

शिवकन्येचा फोन येऊन गेला होता. तिने स्वतः जुळवलेली पहिली वाइन फेब्रुवारीत उघडणार होती. त्या दिवशी कामावरच्या लोकांनी घरच्यांना घेऊन यायचे होते. ती म्हणाली होती, "आई, यंदा आप्पा आले न्हाईत तर मी परत बोलवणार न्हाई. रागानं न्हाई म्हणत. दमले मी."

उमादेवींनी लिहायला घेतले.

१. शनवारी सकाळची एसटी, परभणी. तिथून रेल्वे.
२. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या.
३. ह्यांची बीपीची गोळी.
४. ह्यांना तयार करणे.

थोडा वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. मग चार नंबराला बाण काढून तो एकच्याही वर नेला.

दुकानात पंडित टेलर बसलेच होते. "काय वहिनी, दारूच्या गावाला निघालाव म्हणं?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"वेळापत्रक इचारायला तुमी ज्या पोराला फोन केला, त्याची प्यांट माझ्याकडं हाय."

अण्णाराव साखर बांधत होते. वर न बघता म्हणाले, "मी न्हाई येणार."

"नका येऊ," उमादेवी म्हणाल्या. "मी एकली जाते. तिनं इचारलं आप्पा कुठं, तर सांगते, पंडितभावजींसंग साक्ष देत बसलेत."

पंडित हसले. अण्णारावांनी पुडीला दोरा गुंडाळला, जरा जास्तच गुंडाळला. "येतो. पण भाकर आपली, पाणी आपलं. तिथलं काईच तोंडाला लावणार न्हाई. बोललो ते बोललो."

"बरं. तांब्या हाय की आपला."

"तो? त्याची फिरकी बारा वर्षं फिरली न्हाई."

"तुमची तरी कुठं फिरती?"

उमादेवी मला घेऊन नागनाथांकडे गेल्या. एके काळी त्यांचा कल्हईचा भाता आख्ख्या तालुक्यात फिरायचा. आता ते गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. "बाई, कल्हई आता कोण करतंय? भाता कुठं ठिवलाय ते बी आठवंना," ते म्हणाले. पण त्यांनी मला हातात घेतले, टिचकी मारली, कान लावला आणि उठून भाता शोधायला गेले.

आट्यांत गरम तेल सोडून त्यांनी फिरकी सोडवली. चिंचेने आणि वाळूने मला आतून घासले. निखाऱ्यावर धरले. नवसागर टाकला तसा पांढरा धूर उठला, आणि काठीला बांधलेल्या कापसाने वितळलेले कथील माझ्या पोटात फिरले. मित्रांनो, चटका बसतो. खोटे कशाला सांगू? पण एक चटका सोसला की माझ्यासारखा तांब्या पुन्हा नवा होतो.

"जुना माल हाय," नागनाथ म्हणाले, "पण आतून दगा न्हाई."

शनिवारी पहाटे उमादेवींनी मला घरच्या बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरले. सोनपेठचे पाणी जड असते, किंचित मचूळ. मी झाकण मिटले आणि निघालो.

बंद, मध्येच उघडा

रेल्वेचा खडखडाट. शेजारी अण्णाराव उपरण्याआडून घोरत होते. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. तिचे लेकरू रडत होते. "मावशी, पाणी हाय का ओ? ह्याची बाटली संपली."

उमादेवींचा हात माझ्यावर येऊन थांबला. मला कळले, त्या कशाचा विचार करत होत्या. हे पाणी साधे नव्हते. ह्या पाण्यावर सगळा प्रवास उभा होता. पण त्या घरात मागणाऱ्याला पाणी नाही म्हणत नाहीत. अण्णारावांच्या वडिलांनी तर दुकानाच्या उंबऱ्याशी रांजण ठेवला होता. फिरकी फिरली. लेकराची बाटली भरली. मग त्या बाईची सासू प्यायली. मग समोरचे दोघे म्हातारे म्हणाले, बाई, तुमचं पाणी लय गार दिसायलंय. मनमाड यायच्या आत माझा तळ दिसला.

घोरणे चालूच होते.

उघडा

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिवकन्येच्या खोलीत, ती आंघोळीला गेली असताना, उमादेवींनी मला तिच्या माठाच्या तोटीखाली धरले. पाणी भरत असताना माझ्या तोंडाशी वाकून म्हणाल्या, "गप ऱ्हा."

मी गप्पच असतो. पण मित्रांनो, तांब्या म्हणजे जे भरले ते ओतणारा प्राणी. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पोटात एक खोटे भरले गेले आणि ते सोनपेठचे पाणी म्हणून तीनदा ओतले गेले. अण्णाराव वरून धार धरून प्यायले. तोंड पुसले.

मग वायनरी. द्राक्षांचे मांडव, पोलादी टाक्या आणि एका लांब टेबलावर ओळीने पेले. टेबलाच्या कडेला एक चकचकीत भांडे होते. अंगाने माझ्यापेक्षा उंच, ऐटीत उभे. शिवकन्येने पेल्यात लाल वाइन ओतली, पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि त्या भांड्यात थुंकली. त्या भांड्याबद्दलचा माझा हेवा तिथेच संपला.

"अगं बाई," उमादेवी म्हणाल्या, "थुकायचंच होतं तर ओतलं कशाला?"

आजूबाजूचे लोक हसले. अण्णाराव हसले नाहीत. ते त्या भांड्याकडे बघत होते.

"गिळलं न्हाईस?"

"न्हाई, आप्पा." शिवकन्येने ओठ पुसले. "गिळलं की जीभ खोटं बोलती."

अण्णारावांनी खुर्ची ओढली आणि बसले. हात छातीवर, सदऱ्याखालच्या इष्टलिंगावर गेला. "मी तोंडाला लावणार न्हाई," ते म्हणाले.

"नका लावू. नाक तर तुमचंच हाय." असे म्हणून तिने त्यांच्या खांद्यावरचे उपरणे काढले आणि त्यांच्या डोळ्यांवर बांधले. पहिली गाठ सुटली, तिने पुन्हा बांधली. मी टेबलावरच होतो, उघडा. मी पाहिले.

पेला नाकाखाली आला. अण्णारावांनी एकदा हुंगले. मग थांबून पुन्हा.

"जांभूळ. पिकलेलं, झाडावरून पडलेलं. वर थोडी मिरी." तिसऱ्यांदा हुंगले. "अन् लय खाली काहीतरी हाय... गुळाच्या ढेपंला गुंडाळलेलं फडकं. ढेप संपल्यावर ऱ्हातंय ते."

शिवकन्येचा कागद टेबलावर होता. जांभूळ, मिरी असे लिहून झाल्यावर तिसऱ्या ओळीवर नुसते प्रश्नचिन्ह होते. "वर्षभर हुडकत होते, आप्पा," ती म्हणाली. "ओळखीचा वास होता. नाव सापडंना." तिने प्रश्नचिन्ह खोडले आणि लिहिले : गुळाचे फडके.

अण्णारावांनी उपरणे सोडले. डोळे चोळले. "पाणी दे गं," ते उमादेवींना म्हणाले. प्यायले. मग शिवकन्येनेही पुढची वाइन चाखण्याआधी चूळ भरायला मला उचलले. पाणी तोंडात घेतले आणि ती थांबली. आईकडे बघितले. उमादेवींनी डोळ्यांनीच खुणावले, नको.

"बोल की," अण्णाराव म्हणाले. "चव कळली तर सांगावं."

शिवकन्येने चूळ टाकली. "आप्पा... हे माझ्या माठातलं पाणी हाय."

माझ्या कल्हईवर काटा आला.

"आता कळलं व्हय तुला?" अण्णाराव म्हणाले. "मला सकाळी पहिल्याच घोटाला कळलं. आपलं पाणी जड हाय. हे हलकं."

उमादेवींचा पदर तोंडाशी गेला. "मग तीनदा पिलाव कशाला?"

"तू गाडीत लेकराला पाणी दिलंस, तवा मी जागाच हुतो. न्हाई म्हणली असतीस तर उठून मीच दिलं असतं." त्यांनी मला हातात घेतले, तळाशी उरलेले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामा करून लेकीपुढे धरले. "भर. परतीच्या वाटंला लागंल."

बंद, शेवटचा

परत येताना मी तिचे पाणी घेऊन आलो. दुकानात ठेवल्या ठेवल्या पंडित टेलरांनी मला तोंडावर धरले. "अण्णा, पाणी हलकं लागायलंय की आज."

"लेकीकडचं हाय," अण्णाराव म्हणाले. इतक्या मोठ्याने, की समोरच्या कापडवाल्यानेही ऐकले.

आता मी माळ्यावर जात नाही. गल्ल्याशेजारी असतो, आणि दर दोन महिन्यांनी नाशिकला जातो. मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला खाली काढा. आट्यांना तेल द्या, वर्षातून एकदा कल्हई करा. आणि मागणाऱ्याला पाणी द्या, ते कुठल्या माठातले आहे हे न विचारता.

झाले. आता झाकण लावा. पण हळू. फार घट्ट नको.