बारा ठिकाणचं माप

दादा निवडून आला आणि धाकट्याचा दादा हरवला. तोवर त्याला दादा म्हणणारा गावात एकच माणूस होता, त्याचा हा धाकटा भाऊ. आता अख्खं गाव दादा म्हणू लागलं आणि धाकट्याला मात्र चारचौघांत ‘साहेब’ म्हणावं लागे.

दोघांचं काचेचं दुकान होतं, चौदा फूट खोल. दादा गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचा, धाकटा आत टेबलावर जुनी सतरंजी पसरून काच कापायचा. एक रेघ, खालून एक टिचकी, की काचेचे दोन तुकडे. माप चुकलं म्हणून तीस वर्षांत एक काच परत आली नव्हती. चौकट सरळ आहे की तिरकी, हे तो बघायचाच नाही. ते सुताराचं काम. तिरक्या चौकटीला तो तिरकी काच कापी आणि ती अशी बसवी की मधे सुई शिरू नये. याचा त्याला फार गर्व होता. गर्व करावा असं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंही.

दादानं निवडणुकीत तोच गर्व दारोदार खपवला. ‘ज्याचं माप चुकत नाही त्याचा मी सख्खा भाऊ,’ असं तो म्हणायचा आणि लोक माना डोलवायचे. धाकटा तीन आठवडे दुकान बंद ठेवून त्याच्यामागं पत्रकं वाटत फिरला. निवडून आल्यावर दादानं रस्त्यापलीकडं टाइल्सची मोठी शोरूम काढली आणि जुनं दुकान धाकट्याला दिलं. धाकट्याला भरून आलं. भोळा होता म्हणावं, तर व्यवहारात कुणी त्याला फसवू शकत नसे. भावाच्या बाबतीत मात्र तो ठार आंधळा होता.

दोन वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं. नगरपालिकेचा इंजिनिअर हा साहेबांचाच माणूस आहे, मोजणीत घोळ करणार, अशी विरोधकांनी ओरड केली. तेव्हा दादा भर सभेत उठून म्हणाला, ‘मग माझा भाऊ मोजेल. त्याचं दुकान याच रस्त्यावर आहे. तो स्वतःच्या पोटावर पाय आणेल का?’ विरोधकांनीही मान्यता दिली.

धाकट्यानं नवी टेप घेतली. नगरपालिकेचा कारकून एका टोकाला, हा दुसऱ्या टोकाला. ‘पलीकडच्या गटाराच्या कडेपासून धर,’ दादानं सांगितलं. यानं धरलं. बारा ठिकाणी मोजलं, प्रत्येक ठिकाणी दोनदा, आणि कागदावर बारा आकडे लिहून खाली सही ठोकली. घरी येऊन बायकोला म्हणाला, ‘सुताचाही फरक निघायचा नाही.’

महिन्यानं रंगारी डबा घेऊन आला आणि त्यानं दुकानाच्या आतल्या भिंतीवर लाल रेघ ओढली. दारापासून नऊ फूट आत. मागं उरले पाच. पाच फुटांत काच आडवी करता येत नाही, तर कापणार काय, कपाळ? शेजारच्या इस्त्रीवाल्याचं टेबलच रस्त्यात आलं. त्याच्या शेजारच्या चांभाराच्या वाट्याला नुसती भिंत उरली. पलीकडच्या बाजूला एका विटेलाही धक्का नव्हता.

आणि मग धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पलीकडचं गटार गेल्याच वर्षी नवं बांधलं होतं. शोरूमपुढं गाड्या लागाव्यात म्हणून ते नऊ फूट रस्त्यात ओढलं होतं. तेच नऊ फूट आता अलीकडच्या दुकानांतून निघत होते. त्यानं तिरक्या चौकटीचं माप घेतलं होतं, अगदी बिनचूक.

‘तुझ्या सहीनं गेलंय, आता तुझ्याच तोंडानं परत आण,’ इस्त्रीवाला म्हणाला. हरकतींची सुनावणी सोमवारी होती. बायकोनं चार दिवस त्याच्याकडून घोकून घेतलं. ‘गटाराचं काही काढू नका, ते तुम्हाला बोलू द्यायचे नाहीत. एवढंच म्हणा, माझं माप चुकलं. तीन शब्द. परत मोजायला लागेल, तेव्हा बघू.’

‘माझं माप चुकलं,’ तो म्हणायचा. घरात नीट म्हणायचा.

सोमवारी सकाळी नगरपालिकेचा हॉल गच्च भरला होता. तिसऱ्या रांगेत बायको, तिच्याशेजारी इस्त्रीवाला, चांभार आणि दुकानांच्या ओळीतले सगळे. समोर उंचावर अध्यक्षाच्या खुर्चीत दादा. धाकट्याच्या हातात माइक आला.

‘माप कोणी घेतलं?’ दादानं मायेनं विचारलं.

‘मी.’

‘बाराही ठिकाणी?’

‘बाराही ठिकाणी. पण साहेब…’

‘थांब. सगळ्यांसमोर विचारतो. यातलं एक जरी माप चुकलं असेल, तर आत्ता सांग. तू चुकलं म्हणालास, की हा नकाशा मी इथंच फाडतो.’ आणि त्यानं नकाशा दोन्ही हातांत धरला.

धाकट्यानं बायकोकडं पाहिलं. तिचे ओठ ते तीन शब्द म्हणत होते. त्यानं तोंड उघडलं. बारा आकडे त्याच्या डोळ्यांपुढं आले, प्रत्येक दोनदा घेतलेला, आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘माप चुकलेलं नाही. पण ते गटार…’

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या दोन रांगा दादाच्याच माणसांच्या होत्या. माइक कुणीतरी काढून घेतला. चांभार उठून ‘अरे, त्याला बोलू द्या!’ म्हणून ओरडला, पण तोवर ठराव मंजूर झाला होता.

बाहेर जिन्यात दादानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून हसला. ‘तू चुकलं म्हणाला असतास ना, तर मला खरंच फाडावा लागला असता. पण तुला ते जमायचं नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. उगाच नाही तुझ्या हातात टेप दिली.’ खांदा थोपटून तो खाली गाडीकडं गेला. धाकटा कठड्याला धरून उभा राहिला.

बायको पायऱ्या उतरून आली. मागून ओळीतले लोक आले आणि दोघांना वळसा घालून निघून गेले.

‘तीन शब्द होते हो,’ ती म्हणाली.

‘खोटे होते.’

मग तिनं विचारलं, ‘आणि आत्ता भाऊजी काय म्हणाले?’

‘काही नाही,’ धाकटा म्हणाला. ‘वाईट वाटलं त्याला. डोळ्यांत पाणी होतं.’

सगळ्या ओळीचं पोट वाचवायला जे खोटं तोंडातून निघालं नाही, ते भावाची अब्रू झाकायला एका दमात निघालं. बायकोनं त्याच्याकडं नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि त्याच्यापुढं चालू लागली.