जड यंत्र, हलकं यंत्र

माणसाचं मोठेपण त्याच्या निवडीत असतं. झाडाला माती निवडते, जनावराला भूक निवडते; एक माणूसच असा, जो आपली वाट स्वतः निवडतो. हे ज्या कुणा थोर पुरुषाने सांगून ठेवलं, तो घरजावई नसावा.

आमचे जावईबापू घरजावई होते. लग्नानंतर ‘घर मिळेपर्यंत’ म्हणून ते दोन बॅगा घेऊन सासरी आले. घर काही मिळालं नाही, आणि आता त्या दोन बॅगाही मिळत नव्हत्या. सासऱ्यांना त्या कच्च्या वाटल्या, म्हणून त्यांनी परस्पर बदलून टाकल्या होत्या.

सासरे दारांच्या मुठी बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. मूठ धरायची, वर-खाली, वर-खाली हिसके द्यायचे, मग ओढायची. हातात आली की नापास. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, हिसके सुटले नाहीत. घरात येणारी एकूण एक वस्तू त्यांच्या हाताखालून जाई. जावईबापूंचा पलंग त्यांनीच निवडला. तो इतका भक्कम होता की त्याला जागा द्यायला बिचाऱ्या कपाटाला बाहेर जावं लागलं. बूटही त्यांनीच निवडले. ते घालून जावईबापू जिना चढू लागले की शेजारी दार उघडून पाहत, काय पडलं म्हणून. आणि पहिल्या भेटीत खुद्द जावईबापूंना खांद्याला धरून दोन हिसके दिल्यावर ते आत वळून म्हणाले होते, “चालेल.”

जावईबापू दिवसा कचेरीत कारकून आणि सुट्टीच्या संध्याकाळी डीजे. आजवर मित्राचं यंत्र उसनं आणून भागत होतं. मित्र यंत्रासकट दुसऱ्या गावी गेला आणि संध्याकाळी तर हॉलवर कार्यक्रम होता. यंत्र आजच घ्यायला हवं होतं. जावईबापूंनी मनाशी ठरवलं होतं, पलंग त्यांचा, बूट त्यांचे, पण हे यंत्र माझं. माझ्या कानाने घेईन. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं. बायको म्हणाली, “नक्की. बाबा येतायत ना बरोबर?”

बाबा आले. सासूबाईही आल्या. दुकानात स्पीकरचं एक मोठं खोकं होतं, त्यावर बसून त्यांनी बहिणीला फोन लावला. गुडघेदुखीपासून सुरुवात झाली, म्हणजे तासाभराची निश्चिंती होती.

“ऐकायची खोली मागे आहे,” दुकानदार म्हणाला. त्याच्या गळ्यात भलेमोठे हेडफोन होते. “फोन मात्र इथेच ठेवा, स्पीकरमध्ये टिकटिक येते. आणि निवांत ऐका. आत कितीही ओरडलात तरी बाहेर कळायचं नाही.” हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

दोघांनी आपले फोन सासूबाईंच्या मांडीवर ठेवले आणि आत गेले. भिंतींना, छताला, दारालासुद्धा करडा स्पंज. दारात वहीएवढी एक काच. टेबलावर दोन यंत्रं शेजारी शेजारी. दोन्हींवर दोन-दोन तबकड्या, मधे सरकपट्ट्या, वर बटणांची रांग. एक लोखंडी कवचाचं, जड. दुसरं प्लास्टिकचं, हलकं.

जावईबापूंनी हलक्यावर गाणं लावलं. खालचे सूर बुटांच्या तळव्यातून चढून पोटात येऊन बसले. वरचे सूर कसे, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखे. मग तेच गाणं जड यंत्रावर लावलं. गाणं तेच, पण उशीत तोंड खुपसून कुणी म्हणावं तसं. आणि गाणं थांबलं की मागे एक बारीक ‘सूंऽऽ’.

“बाबा, हलकं घेऊ. आवाज बघा ना त्याचा.”

“आवाज हवेत जातो, जावईबापू. वस्तू घरात राहते.” सासऱ्यांनी हलक्याचं एक बटण चिमटीत धरलं. वर-खाली, वर-खाली. बटण दातासारखं हललं. “हे बघा.”

“अहो तोडाल!”

“मी तोडत नसतो. तुटायचं असतं तेच तुटतं.” मग जड यंत्राच्या सरकपट्टीला त्यांनी दोन हिसके दिले. ती हलली नाही. सरकवायची असतानाही फारशी हलत नव्हती, पण ते त्यांच्या हिशेबी नव्हतं. “याला म्हणतात काम! ह्या पट्टीला दार लटकवा, दार पडेल, पट्टी पडायची नाही.”

“मला दार नाही लटकवायचं, बाबा.”

“भक्कमपणा तुम्हाला समजत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार. इकडे या. ही दाराची मूठ बघा. अशी घडण आता होत नाही. आमच्याच कारखान्यातली दिसतेय.” त्यांनी मूठ धरली. वर-खाली, वर-खाली. मग ओढली.

मूठ हातात आली.

सासऱ्यांनी ती उलटी करून खालची बाजू पाहिली, जरा वेळ पाहिली आणि खिशात टाकली. “आमची नव्हे,” ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दाराला आता एक भोक होतं. त्यात बोट जात होतं, पण दार उघडत नव्हतं. जावईबापूंनी दार ठोठावलं. स्पंजावर गुद्दे उशीवर मारल्यासारखे पडले. काचेतून पलीकडे दुकानदाराची पाठ दिसत होती. हेडफोन गळ्यातून कानांवर गेले होते.

“घाबरू नका,” सासरे म्हणाले आणि खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर बसले.

जावईबापू उभे राहिले. खोली पाच पावलांची. त्यांना वाटलं, ही खोली आपल्या ओळखीची आहे. इथेही बसायची जागा सासऱ्यांची, इथेही आपला आवाज बाहेर जात नाही, आणि दाराची मूठ सासऱ्यांच्याच खिशात. फरक इतकाच की घरी स्पंज नाही.

पावलांची चाहूल लागावी म्हणून त्यांनी गाणं बंद केलं. स्पंजाच्या खोलीतली शांतता म्हणजे नुसती शांतता नव्हे. आपला घोट आपल्याला ऐकू येतो. बराच वेळ गेला. सासऱ्यांनी मान वाकडी केली.

“हे काय सूंसूं करतंय?”

“जड यंत्र.”

“गाणं बंद आहे ना?”

“गाणं बंद आहे. हा आवाज त्याचा स्वतःचा.”

सासरे ऐकत राहिले. ऐकण्याखेरीज तिथे दुसरा उद्योगच नव्हता. त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. स्टूल लांब नेलं. आवाज बरोबर गेला.

“भक्कम आहे हो,” अखेर ते कष्टाने म्हणाले, “पण गप्प बसत नाही.” आणि का कोण जाणे, सासूबाई ज्या दिशेला बसल्या होत्या तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

जावईबापूंना एकदम सुचलं. “बाबा, वरचे सूर स्पंज खातो. खालचे सूर नाही खात. ते भिंतीतून जातात.”

“मग जडावर लावा. ताकद त्याच्यात.”

जडावर लावलं. दुकानदाराची पाठ ढिम्म. हलक्यावर लावलं, पट्टी वरपर्यंत ढकलली. जमीन थरथरली, दाराचं भोकसुद्धा खुळखुळलं. दुकानदाराने हेडफोन काढून मागे पाहिलं!

दोघांनी दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने हलवले. सासरे तर उड्या मारू लागले. दुकानदाराचा चेहरा फुलला. त्यानेही दोन्ही हात वर केले, तालात चार वेळा मान हलवली, अंगठा दाखवला आणि समाधानाने पाठ फिरवून हेडफोन चढवले.

सासऱ्यांचे हात वरच राहिले. मग ते हळूहळू खाली आले. त्यांनी खिशातून मूठ काढून टेबलावर, दोन यंत्रांच्या मधे ठेवली.

“जावईबापू,” ते गाण्याच्या वरताण ओरडून म्हणाले, “हलकं घ्या. बटण हलतं ते मी आवळून देईन. पण कान तुमचा खरा. ह्यापुढे ह्या बाबतीत मी बोलणार नाही.”

जावईबापूंनी हलक्या यंत्रावर हात ठेवला. इतक्या वर्षांत प्रथमच आपण काही निवडलं होतं. ते काही बोलणार, तोच दार उघडलं.

दारात सासूबाई. एका हाताने फोन कानाशी, दुसऱ्या हातात बाकीचे दोन फोन.

“दार धरा!” दोघं एकदम किंचाळले. “दार! दार धरा!”

त्या गाण्यात सासूबाईंना नुसते ओठ हललेले दिसले. लोकांना त्रास नको म्हणून त्यांनी आत येऊन पाठीने दार नीट, पार खट्ट आवाज होईपर्यंत लावून घेतलं. फोनकडे पाहिलं. बहिणीचा आवाज तुटला होता, रेंजच्या जागी फुली होती. तिन्ही फोन त्यांनी टेबलावर ठेवले, मुठीच्या शेजारी.

“जरा बारीक करता का ते?” त्या म्हणाल्या.